जुन्या घरात तीन पिनांचं ड्रायर आउटलेट, आमच्या ड्रायरला चार पिनांची कॉर्ड – कॉर्ड बदलायची की आउटलेट?

मीनल_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण या वीकेंडला काहीतरी ठरवायचंय म्हणून सगळं एकदमच लिहिते. आम्ही नुकतंच अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात आलो, घर १९७८ चं आहे, न्यू जर्सीत. वॉशर-ड्रायर आमचेच आहेत, अपार्टमेंटमध्ये असताना घेतलेले. ड्रायर इलेक्ट्रिक आहे, गॅसचा नाही, आणि त्याच्या कॉर्डला चार पिना आहेत. इथे बेसमेंटमध्ये भिंतीवर जे आउटलेट आहे त्याला तीनच खाचा, वरच्या दोन तिरक्या आणि खालची एक एल आकाराची. म्हणजे प्लग लागायचा प्रश्नच नाही.

दुकानातल्या माणसाने सांगितलं की तीन पिनांची कॉर्ड घ्या, मागे स्क्रूने लावा, काम झालं. शेजारचे म्हणाले छे छे, ते जुनं आउटलेट धोकादायक असतं, आधी ते बदलून चार खाचांचं बसवा. ऑनलाइन बघितलं तर एक अडॅप्टर पण मिळतो, एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला चार खाचा. आणि सासरे सध्या आमच्याकडे आलेत, ते एमएसईबीतून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं की तीन पिना म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, त्यात अर्थिंग आलंच, मग चौथी पिन कशाला हवी. बाबांना उलट बोलायचं नाहीये आणि ते विजेच्या बाबतीत कधी चुकीचं बोलत नाहीत, पण मग इथे नवीन घरात चार पिना का देतात तेही कळत नाहीये.

घरात लहान मूल आहे, ड्रायरच्या शेजारीच वॉशर आहे, आणि बेसमेंटची फरशी पावसाळी दिवसांत जरा दमट असते. पैसे वाचवणं हा मुद्दा नाहीये, शॉक लागू नये एवढंच. कोणी नीट समजावून सांगेल का?

तारेवरचा

मीनलताई, चांगलं केलंत आधी विचारलंत ते. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, इथे बऱ्याच वर्षांपासून इंडस्ट्रियल पॅनेलचं काम करतो, घरातलं वायरिंग हा माझा धंदा नाही पण कोड, म्हणजे इथली वायरिंगची नियमावली, वाचायची सवय आहे. आधी बाबांच्या मुद्द्याचं बोलतो कारण सगळं तिथेच आहे.

बाबांचं म्हणणं भारतातल्या प्लगसाठी शंभर टक्के बरोबर आहे. तिकडे २३० व्होल्ट हे फेज आणि न्यूट्रलमध्ये मिळतात आणि वरची जाड पिन अर्थिंगची. इथे तसं नाहीये. इथे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात २४० येतात त्या कॉइलच्या दोन टोकांमध्ये, आणि कॉइलच्या मधोमध टॅप काढून तो न्यूट्रल केलेला असतो. म्हणजे दोन्ही टोकं हॉट, म्हणजे जिवंत, कुठल्याही एका टोकापासून न्यूट्रलपर्यंत १२०, आणि टोकापासून टोकापर्यंत २४०. तुमच्या भिंतीवरच्या आउटलेटला नेमा १०-३० म्हणतात (नेमा म्हणजे इथलं प्लग-आउटलेटचं मानक), त्यातल्या दोन तिरक्या खाचा म्हणजे दोन हॉट आणि एल आकाराची खाच म्हणजे न्यूट्रल. अर्थिंग त्यात नाहीच. बाबांना हे एवढंच सांगा, ते पुढचं सगळं स्वतःच ओळखतील.

आता ड्रायरला न्यूट्रल कशाला लागतो, तर हीटरचं एलिमेंट २४० वर चालतं, त्याला न्यूट्रल नको, पण ड्रम फिरवणारी मोटर, टायमर, आतला दिवा हे सगळं १२० वरचं असतं, एका हॉटपासून न्यूट्रलपर्यंत. म्हणून ड्रायरला खरं तर चार वायरी हव्यात, दोन हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड म्हणजे आपलं अर्थिंग. तुमच्या कॉर्डवरचा चार पिनांचा प्लग म्हणजे नेमा १४-३०, त्यात तेच चार आहेत.

मग जुन्या घरात तीनच का, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं वाचवायला म्हणून इलेक्ट्रिक शेगड्यांना कोडमध्ये सूट दिली की न्यूट्रललाच ग्राउंडचं काम करू द्या, म्हणजे मशीनचा पत्रा न्यूट्रललाच जोडा. युद्ध संपलं तरी सूट चालूच राहिली, पुढे ड्रायरलाही लागू झाली, आणि थेट १९९६ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये नवीन सर्किटसाठी ती बंद केली. तुमचं घर १९७८ चं म्हणजे तेव्हा हे नियमाप्रमाणेच होतं. आणि आजही जुनं सर्किट जसं आहे तसं वापरायला कोडची परवानगी आहे, कलम २५०.१४०, पण त्याला अटी आहेत आणि लोक नेमक्या अटीच विसरतात.

पत्रा न्यूट्रलला जोडलाय हे ऐकून बाबांच्या भुवया वर जातील आणि त्या जायलाच हव्यात. न्यूट्रल पॅनेलपर्यंत शाबूत आहे तोवर पत्र्यावर जवळपास शून्य व्होल्ट असतात, कारण मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्रच जोडलेले असतात. पण तो न्यूट्रल कुठे सैल झाला, आउटलेटमध्ये जळला, कॉर्डमध्ये तुटला, तर मोटरमधून आलेला करंट परत जायला रस्ता शोधतो आणि ड्रायरचा पूर्ण पत्रा १२० व्होल्टवर येतो. ब्रेकर पडत नाही, कारण ब्रेकरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. शेजारचा वॉशर मात्र त्याच्या साध्या प्लगमधून व्यवस्थित ग्राउंड झालेला असतो, मग एक हात वॉशरवर आणि एक ड्रायरवर ठेवला की करंट छातीतून जातो. चौथी वायर आली ती ह्यासाठी. त्यात पत्रा वेगळ्या ग्राउंड वायरला असतो, न्यूट्रल तुटला तर ड्रायर नुसता बंद पडतो, बाकी काही होत नाही.

म्हणून माझं मत, सगळ्यात उत्तम म्हणजे पॅनेलपासून आउटलेटपर्यंत चार वायरींची नवीन केबल, १० गेज तांब्याची (गेज म्हणजे वायरची जाडी, आकडा जितका लहान तितकी वायर जाड). पण ते जमेपर्यंत ड्रायरची कॉर्ड भिंतीला जुळवून घेणं हाच बरोबर मार्ग, भिंत कॉर्डला जुळवणं नाही. नुसतं आउटलेट काढून चार खाचांचं लावलं आणि मागे वायरी तीनच असल्या तर ती चौथी खाच खोटी आहे, आणि पुढे जो कोणी त्यात प्लग घालेल तो समजेल की ग्राउंड आहे. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे पण नुसतं आउटलेट बदलून काहीच सुरक्षित होत नाही, केबल बदलावी लागते.

आधी हे बघून सांगा: ब्रेकर कुठला आहे, किती अँपचा आहे, ज्या पॅनेलमध्ये आहे तेच मेन पॅनेल आहे का, आणि आउटलेटच्या मागे येणारी केबल कशी दिसते. ब्रेकर बंद करून, मल्टिमीटरने दोन्ही तिरक्या खाचांमध्ये आणि प्रत्येकीपासून एलपर्यंत शून्य आहे हे बघूनच मग कव्हर काढा. काही जुन्या पॅनेलमध्ये एका ड्रायरला दोन सुटे ब्रेकर असतात, मध्ये दांडी नसलेले, एक बंद केला तरी दुसरा चालूच राहतो, म्हणून मीटर लावल्याशिवाय आत हात घालू नका.

आनंदयात्री_टेक्सस

एवढं कशाला, मी तो अडॅप्टर घेतलाय, दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही. कपडे छान वाळतात. घर भाड्याचं आहे त्यामुळे मालकाच्या भिंतीला हात लावायचा नव्हता.

तारेवरचा

आनंदजी, कपडे वाळणारच, कारण वाळायला दोन हॉट आणि न्यूट्रल पुरतात. प्रश्न पत्र्याचा आहे. तुमच्या ड्रायरला चार पिनांची कॉर्ड आहे म्हणजे त्याच्या आत पत्रा न्यूट्रलपासून सोडवून फक्त ग्राउंडच्या हिरव्या वायरला जोडलेला असणार. अडॅप्टरच्या तीन पिनांच्या बाजूला ती हिरवी वायर जाते कुठे? काही अडॅप्टरना हिरवी शेपटी असते, ती खऱ्या ग्राउंडला स्क्रूने जोडायची असते, ती जोडलीये का बघा. नसेल तर तुमच्या ड्रायरचा पत्रा कशालाच जोडलेला नाही. आत एखादी हॉट वायर घासून पत्र्याला टेकली तर ब्रेकर पडणार नाही, पत्रा तसाच तापलेल्या तारेसारखा हॉट राहील आणि पहिला हात लावणाऱ्याला कळेल. न्यूट्रलला पत्रा जोडायच्या जुन्या पद्धतीत निदान अशा वेळी शॉर्ट होऊन ब्रेकर तरी पडतो. म्हणजे अडॅप्टरवाली स्थिती जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींपेक्षा वाईट आहे.

भाड्याचं घर असलं तरी तीन पिनांची कॉर्ड ड्रायरला लावायला मालकाच्या भिंतीला हात लावावा लागत नाही, ड्रायर तुमचाच आहे. कृपा करून ह्या आठवड्यात बदलून घ्या, कॉर्ड वीस-तीस डॉलरला मिळते.

आनंदयात्री_टेक्सस

हिरवी शेपटी आहे, ती नुसतीच लोंबतेय मागे. मला वाटलं ती ऑप्शनल आहे. ड्रायर आत्ताच प्लगमधून काढून ठेवतो, बायकोला सांगितलं आज लाँड्री नाही. कॉर्ड बदलायचं नीट कोणी लिहिलंत तर मलाही उपयोग होईल.

मीनल_न्यूजर्सी

तारेवरचा, खूप खूप आभार, बाबांना तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, ते मध्येच थांबवून म्हणाले "अरे, म्हणजे सेंटर टॅप!" आणि मग कागदावर चित्र काढून मलाच समजावत बसले. आता ते चार वायरींच्या बाजूने आहेत, माझ्यापेक्षा जास्त.

आम्ही दोघांनी मिळून बघितलं. पॅनेल बेसमेंटमध्येच आहे, त्यातच वरती १५० चा मोठा मेन ब्रेकर आहे, दुसरं कुठलं पॅनेल घरात नाही. ड्रायरचा ब्रेकर दुहेरी आहे, दोन्हीची दांडी एकच, ३० अँप. ब्रेकर बंद करून मीटर लावला, सगळीकडे शून्य, मग कव्हर काढलं. मागे करड्या रंगाची केबल येते, चपटी-गोल अशी. आत दोन वायरी काळ्या आवरणाच्या, त्यातल्या एकीवर लाल रेघ, आणि तिसरी उघडी आहे, पण एक तार नाही, बऱ्याच बारीक तारा एकत्र पिळलेल्या, आणि केबलच्या सालीच्या आत त्या बाकीच्या दोन वायरींभोवती गुंडाळून आल्यासारख्या दिसतात. रंग चंदेरी, तांब्याचा नाही. उघडी वायर एल खाचेच्या स्क्रूला आहे. आउटलेटवर एएल-सीयू असं कोरलंय. उघडी वायर न्यूट्रल म्हणून वापरलीये हे बघून बाबांना अजिबात आवडलं नाही. हे बरोबर आहे का?

तारेवरचा

हो, तुमच्या बाबतीत बरोबर आहे, आणि बाबांनी नेमकं हेच विचारायला हवं होतं. कलमातल्या अटी म्हणजे, न्यूट्रल तांब्याचा असेल तर १० गेजपेक्षा बारीक नको, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ८ गेजपेक्षा बारीक नको, आणि तो आवरण असलेला हवा. आवरण नसलेला उघडा न्यूट्रल फक्त एकाच परिस्थितीत चालतो, केबल सर्व्हिस एंट्रन्स प्रकारची (बाहेरून घरात वीज आणायला वापरतात तशी) असली पाहिजे आणि ती थेट मेन पॅनेलमधून निघालेली असली पाहिजे. तुम्ही जे वर्णन केलंय, दोन वायरींभोवती गुंडाळलेल्या बारीक तारा, करडी साल, ती तीच केबल आहे, आणि तुमचं पॅनेल मेनच आहे. दोन्ही अटी बसतात. केबलच्या सालीवर गेज छापलेला असतो, टॉर्च मारून ८ आहे का तेवढं वाचा.

इथे येणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. हीच उघडी वायर जर सब-पॅनेलमधून, म्हणजे मेनच्या पुढच्या दुसऱ्या पॅनेलमधून, येत असेल तर चालत नाही. आणि उघडी वायर जर एकच सलग तार असेल, कागदात गुंडाळलेली, सोबत एक काळी आणि एक पांढरी, तर ती साधी घरगुती केबल आहे आणि तिच्यातली उघडी तार म्हणजे ग्राउंड. ती कोणीतरी न्यूट्रल म्हणून वापरली असेल तर ते १९७८ मध्येही चुकीचं होतं आणि आजही आहे. जुन्या घरांत हे बरंच सापडतं, कारण ड्रायर त्यावरही छान चालतो. तसं असेल तर कॉर्ड बदलून भागणार नाही, केबलच बदलायची.

अ‍ॅल्युमिनियम बघून घाबरू नका. साठ-सत्तरच्या दशकात ज्याची बदनामी झाली ते खोलीतल्या साध्या आउटलेटचं बारीक अ‍ॅल्युमिनियम होतं. ड्रायर-शेगडीला जाड अ‍ॅल्युमिनियम नेहमीचंच आहे, फक्त स्क्रू सैल नको आणि आउटलेट एएल-सीयू छापाचंच हवं, ते तुमचं आहे. स्क्रूच्या जवळ काळपट, वितळलेलं प्लास्टिक किंवा भुरी पावडर दिसत असेल तर आउटलेट बदलावं लागेल, आणि ते मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आउटलेट बदललं की टाउनशिपचा इन्स्पेक्टर जीएफसीआय (करंट गळला की लगेच वीज तोडणारं संरक्षण) मागू शकतो, कारण २०२० च्या कोडपासून लाँड्रीतली २४० ची आउटलेटंही त्यात आली आहेत. कुठल्या राज्यात कोडची कुठली आवृत्ती चालू आहे त्यावर ते अवलंबून, एक फोन करून विचारा.

स्मिता_ओहायो

मीनल, मी कॉर्ड दोन्ही दिशांनी बदललीये, एकदा चारवरून तीन आणि मग दुसऱ्या घरात तीनवरून चार, त्यामुळे करायचं कसं ते मी लिहिते. आनंद, तुम्हीही वाचा.

कॉर्ड घेताना ३० अँपची ड्रायरची घे, शेगडीची ५० अँपची नाही, दुकानात दोन्ही शेजारी लटकवलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच. खूण म्हणजे न्यूट्रलची पिन, ड्रायरच्या प्लगवर ती एल आकाराची असते आणि शेगडीच्या प्लगवर सरळ पट्टी. लांबी ड्रायर भिंतीपासून जितका लांब तितकीच, मागे गुंडाळी पडून राहिली तर ड्रायर मागे सरकवताना तिच्यावर बसतो. कॉर्डसोबत स्ट्रेन रिलीफ म्हणजे ती पकड येते का बघ, बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते.

ड्रायर प्लगमधून काढून पुढे ओढला की मागे खाली एक छोटं पत्र्याचं झाकण दिसेल, एक-दोन स्क्रूचं. ते काढलंस की टर्मिनल ब्लॉक, एका ओळीत तीन स्क्रू. मधला न्यूट्रल, बहुतेकदा चंदेरी, आणि बाजूचे दोन हॉट. तुझ्या आत्ताच्या कॉर्डची पांढरी वायर मधल्यावर असेल, काळी आणि लाल बाजूच्या दोघांवर, आणि हिरवी वायर ब्लॉकवर नाही तर ड्रायरच्या पत्र्यावरच्या हिरव्या स्क्रूला. फोटो काढून ठेव, आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार वायरींची कॉर्ड लावताना मधल्या टर्मिनलपासून पत्र्यापर्यंत जाणारी जोडणी काढलेली असते. काही ड्रायरमध्ये ती तांब्याची किंवा पितळेची चपटी पट्टी असते, ती काढून बाजूला ठेवतात. काहींमध्ये आतून एक पांढरी वायर येते, जी तीन वायरींसाठी हिरव्या स्क्रूखाली असते आणि चार वायरींसाठी तिथून सोडवून मधल्या टर्मिनलवर नेलेली असते. तू आता तीनवर येतेयस म्हणजे ही जोडणी परत करायची, पट्टी असेल तर मधल्यापासून हिरव्या स्क्रूपर्यंत परत बसवायची, पांढरी वायर असेल तर तिला मधल्यावरून काढून हिरव्या स्क्रूखाली न्यायची. हे विसरलं तर ड्रायर अगदी व्यवस्थित चालेल, कोणाला काही कळणार नाही, आणि पत्रा मात्र कशालाच जोडलेला नसेल, म्हणजे वर तारेवरचा म्हणाले तीच आनंद यांच्या अडॅप्टरवाली स्थिती. दुकानातला माणूस "कॉर्ड लावा, काम झालं" म्हणतो तेव्हा तो हे सांगत नाही, आणि मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण अर्धं काम सांगून माणूस मोकळा होतो आणि घरी लहान मुलं असतात.

उलट दिशेनेही तेवढंच खरं, तीनवरून चारवर जाताना पट्टी काढली नाही तर न्यूट्रलचा करंट ग्राउंडच्या वायरीतून आणि पत्र्यातूनही वाहायला लागतो. म्हणून नवीन कॉर्ड लावताना दर वेळी आधी पट्टी बघायची, मग बाकीचं.

पट्टी हरवली असेल, आणि अपार्टमेंटमध्ये ज्याने कॉर्ड लावली त्याने ती टाकून दिली असेल तर तसं होऊ शकतं, तर मॉडेल नंबर देऊन कंपनीचाच पार्ट मागव, हाताला येईल ती वायर लावू नकोस. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा दोन्ही पद्धतींचं चित्र चिकटवलेलं असतं, नसलं तर मॅन्युअलमध्ये नक्की असतं, आणि माझ्या लिहिण्यात आणि त्या चित्रात फरक दिसला तर चित्रावर विश्वास ठेव.

तीन वायरींची कॉर्ड चपटी असते, तिच्यावर रंग नसतात, मधली वायर न्यूट्रल, ती मधल्याच स्क्रूला. बाजूच्या दोन अदलाबदल झाल्या तरी चालतात. आधी कॉर्ड भोकातून आत घे, स्ट्रेन रिलीफ बसव, मग वायरी लाव, आणि शेवटी पकड घट्ट कर. पकड न लावता नुसती कॉर्ड भोकातून घातली तर ड्रायर हलतो तसा पत्र्याची धार कॉर्ड कापत जाते. टर्मिनलचे स्क्रू चांगले आवळ, जोर लावून, कारण सैल स्क्रू म्हणजे उष्णता, आणि जळलेले टर्मिनल ब्लॉक मी जे पाहिलेत ते सगळे सैल स्क्रूमुळेच जळले होते.

झाकण लावायच्या आधी, प्लग न लावता, मीटर ओहमवर ठेवून एल पिनेपासून ड्रायरच्या उघड्या पत्र्यापर्यंत बघ, जवळपास शून्य आलं पाहिजे. रंगावर टोक ठेवू नकोस, एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर ठेव. मग दोन्ही हॉट पिनांपासून पत्र्यापर्यंत बघ, तिथे सरळ शून्य येता कामा नये.

लेकसाइड_शिकागो

एक भर घालतो. आमच्याकडे शिकागोत वायरिंग लोखंडी पाइपमधूनच करायचा नियम आहे, म्हणजे केबलऐवजी कॉन्ड्युटमध्ये सुट्या वायरी. आमच्या जुन्या घरातही तीन खाचांचं आउटलेट होतं आणि आत वायरी तीनच, पण डबा लोखंडी आणि पाइप पॅनेलपर्यंत सलग. असा सलग लोखंडी पाइप हाच कोडप्रमाणे ग्राउंड असतो. इलेक्ट्रिशियनने पाइपचे जोड तपासले, हिरवी वायर डब्याला स्क्रूने लावली आणि १४-३० आउटलेट बसवलं, भिंत फोडावी लागली नाही. ड्रायरची चार पिनांची कॉर्ड तशीच राहिली.

तसंच कधीकधी केबल चार वायरींचीच असते आणि लावणाऱ्याने ग्राउंडची वायर मागे दुमडून ठेवलेली असते, विशेषतः नव्वदच्या आसपासच्या घरांत. म्हणून कॉर्ड विकत घ्यायच्या आधी कव्हर काढून आत बघणं हे मीनलताईंनी केलं ते फार योग्य केलं. आत खरा ग्राउंड असेल तर जुन्या पद्धतीवर जायचं काहीच कारण नाही.

प्राची_सिएटल

आम्ही भाड्याच्या मोबाइल होममध्ये राहतो, तिथेही तीन खाचाच आहेत. आम्हीपण तीनची कॉर्ड लावून पट्टी जोडली तर चालेल का?

तारेवरचा

प्राचीताई, नाही, तिथे नाही चालणार. मोबाइल होमचं पॅनेल हे बाहेरच्या मेनच्या पुढचं असतं, त्यात न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे ठेवावे लागतात आणि घराचा सांगाडाच लोखंडाचा. न्यूट्रलला पत्रा जोडायची पद्धत तिथे वापरायची नाही, ड्रायरच्या मॅन्युअलमध्येही मोबाइल होमसाठी चार वायरीच लागतील असं लिहिलेलं असतं. मालकाला लेखी कळवा, हे त्याचं काम आहे. तोवर १२० वर साध्या प्लगने चालणारा छोटा हीट पंप ड्रायर हा एक पर्याय, कपडे वाळायला वेळ जास्त लागतो पण हा प्रश्न उरत नाही.

मीनल_न्यूजर्सी

अपडेट देते. केबलच्या सालीवर ८ गेज आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही छापलेलं सापडलं. आउटलेट आतून स्वच्छ होतं, काळपट काही नाही, बाबांनी ब्रेकर बंद असताना स्क्रू आवळून बघितले, एक जरासा सैल होता.

ड्रायरचं झाकण काढलं तर पट्टीची जागा रिकामी. अपार्टमेंटमध्ये डिलिव्हरीवाल्यांनी कॉर्ड लावली तेव्हा गेली असणार. स्मिताताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही रिकाम्या जागेकडे बघून ते तसंच असतं असं समजलो असतो. पार्ट मागवला, येईपर्यंत कपडे दोरीवर. आल्यावर पट्टी आणि कॉर्ड बाबांनी आणि मी मिळून लावली, मीटरचं रीडिंग तुम्ही म्हणालात तसंच आलं, एल पिनेपासून पत्र्याच्या स्क्रूपर्यंत जवळपास शून्य. मग ब्रेकर चालू करून ड्रायरचा पत्रा आणि वॉशरचा पत्रा ह्यांच्यातलं व्होल्टेज बघितलं, ड्रायर गरम होऊन फिरत असताना, ते व्होल्टच्या अगदी छोट्या भागाइतकं आलं. एवढं असणं ठीक आहे ना?

इलेक्ट्रिशियनलाही बोलावून घेतलं होतं, त्याने चार वायरींच्या नवीन केबलचा आकडा दिलाय, काही शे डॉलर, पॅनेल त्याच बेसमेंटमध्ये असल्यामुळे अंतर कमी आहे. आम्ही पुढच्या वर्षी बेसमेंट फिनिश करणार आहोत, भिंतींना शीटरॉक लागायच्या आधी ती केबल ओढून घ्यायचं ठरलंय. बाबा तेव्हा परत येणार आहेत आणि परमिटचा अर्ज मीच भरायचा असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

तारेवरचा

तेवढं असणं अपेक्षितच आहे, मोटरचा करंट न्यूट्रलमधून जाताना वायरीत थोडं व्होल्टेज पडतं आणि पत्रा त्याच न्यूट्रलला आहे म्हणून ते दिसतं. ते वाढत गेलं, दोन-तीन व्होल्टपर्यंत आलं, तर न्यूट्रलचा कुठला तरी जोड सैल होतोय असं समजा आणि ड्रायर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. वर्षातून दोनदा हे रीडिंग घ्यायला बाबांकडून शिकून घ्या, केबल बदलेपर्यंत तरी. प्लग हाताला गरम लागतोय का तेही अधूनमधून बघत जा.

स्मिता_ओहायो

पट्टी मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. आता चार पिनांची जुनी कॉर्ड फेकू नकोस, पुढच्या वर्षी तीच लागणार आहे. केबल बदलली की पट्टी काढायची, आणि काढलेली पट्टी तिच्या स्क्रूसकट एका छोट्या पिशवीत घालून ड्रायरच्या मागच्या झाकणाच्या बाहेरून टेपने चिकटवून ठेव, आत ठेवलीस तर सुटून टर्मिनलवर पडायची. पिशवीवर मार्करने लिही की ही कशाची आहे.

आनंदयात्री_टेक्सस

माझंही झालं. माझ्या ड्रायरमध्ये पट्टी नव्हती, पांढरी वायर मधल्या टर्मिनलवर होती, ती हिरव्या स्क्रूखाली नेली. त्याआधी आउटलेटच्या मागे काय आहे ते मालकाने त्याचा इलेक्ट्रिशियन पाठवून तपासून घेतलं, तीन आवरणवाल्या तांब्याच्या वायरी आहेत, १० गेज, पाइप नाही, वेगळा ग्राउंड नाही. अडॅप्टर कापून टाकलाय, दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ नये म्हणून.